रेकॉर्डिंगच्या वहीत परदेशी सिद्धांत कसा उतरवायचा

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गाच्या, मुलांच्या फील्डवर्क रेकॉर्डिंगच्या, म्हणजे वस्तीतल्या कामाच्या नोंदींच्या, वह्या मी बारा वर्षं तपासते आहे. बहुतेकांच्या शेवटी एक वाक्य चिकटवलेलं असतं, ‘येथे संलग्नता सिद्धांत दिसून आला.’ मूल त्याला सांभाळणाऱ्या माणसाशी कसं बांधलं जातं, ते सांगणारा हा सिद्धांत. आधी ते वाक्य खोडा.

गृहभेटीहून आल्यावर त्याच रात्री वहीच्या डाव्या पानावर फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं लिहा. ‘आई निष्काळजी’ असं लिहू नका. ‘दुपारी दोनला आई झोपली होती, दार सहा वर्षांच्या मुलीनं उघडलं’ असं लिहा. खाली तुम्हाला काय वाटलं तेही येऊ द्या. राग आला, भीती वाटली, घरातल्या वासानं मळमळलं, सगळं. ग्रॅहम गिब्ज यांच्या, अनुभवावर मागे वळून विचार करण्याच्या १९८८च्या सहा टप्प्यांच्या चक्रात वर्णनानंतर लगेच भावना येतात, आणि आपली मुलं नेमकी तीच पायरी गाळतात.

उजवं पान दुसऱ्या दिवशी भरा. तिथे सिद्धांत मांडा, आणि तो कुठे बसत नाही ते आधी शोधा.

हे मी चुकूनच शिकले. गोवंडीतल्या एका घरी चार वर्षांचा मुलगा रडत आला आणि आई समोर असताना आजीच्या मांडीत शिरला. मी लिहिलं, ‘आईशी नातं कमकुवत.’ आयसीला, म्हणजे दोघींच्याच चर्चेच्या बैठकीला, माझ्या पर्यवेक्षक ताईंनी एवढंच विचारलं, “त्याला भरवतं कोण?” आई पहाटे पाचला धुण्याभांड्याला जायची. भरवायची आजी, निजवायची मावशी. संलग्नतेचा जॉन बोल्बी यांचा विचार ब्रिटनमध्ये, आईपासून तुटलेल्या मुलांकडे बघत घडला. त्यातली मुलाची जवळ जाण्याची ओढ मला दिसली होती. घरात हक्काच्या मांड्या किती, हे मी मोजलंच नव्हतं. त्या एका वाक्यावर मूल संस्थेत गेलं असतं, या विचारानं आजही पोटात गोळा येतो.

पद्धत उचलतानाही हेच करा. न्यूझीलंडच्या १९८९च्या कायद्यानं मुलाच्या संरक्षणासाठी कुटुंबाची परिषद आणली. कुटुंब-वंशाला निर्णयात जागा हवी, हा माओरी समाजाचा आग्रह त्यामागे होता. अधिकारी माहिती देतात, मग नातेवाईक आपसांत ठरवायला एकटे बसतात. मला ही पद्धत फार आवडते. पण आपल्याकडे एका घरी तशी बैठक लावली, तर काका आणि मामाच बोलत राहिले. मुलीची आई चटईची काडी उपसत बसली होती. ती एक शब्द बोलली नाही.

म्हणून उजव्या पानावर दोन प्रश्न हवेतच: ही पद्धत जिथली, तिथे ती कोणाच्या मागणीतून आली? आणि माझ्या वस्तीत तिच्यामुळे कोण गप्प बसेल? सगळ्यात खाली पुढच्या भेटीची तारीख आणि एकच बदल लिहा. माझ्या वहीत त्या दिवशी होतं, ‘गुरुवारी आईला आधी एकटीला भेटणे, सकाळी, नळावर.’