गोठ्याचं धुवण गवताला सोडताय? या चुका टाळा

हिंगणा, कळमेश्वर, उमरेड, कुठंही दुधाच्या गोठ्यामागं जाऊन पहा. नाली निघते ती थेट नेपिअर गवताच्या पहिल्या वाफ्यात. तो वाफा काळाशार, लोळलेला, आणि शेवटचा पिवळा. पाणी फुकट आहे म्हणून सोडून दिलं, एवढाच हिशेब. अहो, त्या पाण्यात नत्र आहे, पालाश आहे, क्षार आहेत. युरिया टाकताना बॅगा मोजता, मग हे का मोजत नाही?

यातून सगळ्यात वाईट काय होतं, ते मी एका ओळखीच्या गोठ्यावर पाहिलं. श्रावणातली झड लागलेली, ऊन कित्येक दिवस नाही, आणि मूत्र-शेणाचं पाणी रोज त्याच वाफ्यात. गवत गर्द झालं म्हणून मालक खूश. सकाळी उपाशी गाईंपुढं तेच बुडापासून कापून टाकलं. दुपारच्या आत दोघी धापा टाकू लागल्या, पाय लटपटले. डॉक्टरांनी ओठ उलटून दाखवला तर हिरड्या तपकिरी, आणि सुईत आलेलं रक्त चॉकलेटच्या रंगाचं. जिला मिथिलीन ब्लू हे औषध शिरेतून वेळेत मिळालं ती वाचली. दुसरी गाभण होती, ती गेली.

ढगाळ हवेत गवत नत्र उचलत राहतं, पण त्याची प्रथिनं होत नाहीत. ते नायट्रेट होऊन बुडख्यात साचतं. जनावराच्या पोटात त्याचं नायट्राइट बनतं आणि रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही. ‘वाळवून घालू’ म्हणणाऱ्यांनी ऐकून घ्या: वाळवल्यानं नायट्रेट जात नाही.

मी कापणी झाली की आठवड्याच्या आत एकदाच धुवण देतो, एका भागाला विहिरीचं तीन-चार भाग पाणी मिसळून. पुढं कापणीपर्यंत साधं पाणी. धुवण आणि विळा यांत तीन आठवडे तरी जाऊ देतो. झडीत नाली बंद. कापताना वीतभर बुडखा सोडतो, आणि ढोरांना आधी कुटार (सुका चारा), मग हिरवं. जनावर धापा टाकायला लागलं तर व्हिडिओ शोधत बसू नका, आधी पशुवैद्याला फोन लावा.

दुसरी चूक उन्हाळ्यातली. एप्रिल-मेमध्ये काळ्या वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नवीन माणूस त्यात धुवण सोडतो आणि जमीन किती पिते म्हणून कौतुक करतो. जमीन पीत नाही. पाणी मुळांना चुकवून भेगेतून खाली जातं, विहीर जवळ असली तर तिच्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याहून फार जास्त असलेल्या पाण्यात तान्ह्या बाळाची दुधाची पावडर कालवली, तर त्या गाईला झालं तेच बाळाला होऊ शकतं. म्हणून आधी डवरा मारून भेगा बुजवा, हलकं साधं पाणी देऊन माती फुगू द्या, मगच धुवण. विहिरीलगतच्या वाफ्याला मी ते देतच नाही.

भर दुपारी सोडू नका. आपल्याकडच्या उन्हात नत्र अमोनिया होऊन उडतं, नाकाला झोंबतं तेच तुमचं खत. सूर्य कलल्यावर द्या.

थेट ठिबकला जोडू नका. एकामागं एक दोन खड्डे करा, गाळ पहिल्यात बसू द्या, आणि दुसऱ्यातलं वरचं पाणी गाळून घ्या. याला वेळ लागतो, तो द्यावाच लागतो.

फिनाइलचं आणि कॉस्टिक सोड्यानं भांडी धुतलेलं पाणी वेगळ्या नालीनं काढा. सोडियमनं काळी माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर ढेकळासारखी कडक होते, पाणी मुरत नाही.

दरवर्षी उन्हाळ्यात, पाऊस पडायच्या आधी, माती तपासून घ्या आणि क्षारांचा आकडा नीट वाचा. वाढलेला दिसला तर त्या वाफ्याचं धुवण थांबवा आणि पुढच्या पावसाचं पाणी बाहेर निघून जाईल असा चर काढा.