संकटात शास्त्र कसं वाचावं: कोर्टनाक्यावरच्या टायपिस्टबाईची रीत

कोणी खरेदीखताचं एकच पान घेऊन टेबलाशी आलं की मी ते न वाचताच परत द्यायचे. "आधी पूर्ण दस्त आणा, मग बोलू." ठाण्याला कोर्टनाक्याजवळ सव्वीस वर्षं मी खरेदीखतं, भाडेकरार, हक्कसोडपत्रं, मुखत्यारपत्रं टाइप केली, आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. एखादं कलम कितीही गोड असो, मागच्या पानावर काय लिहिलंय ते पाहिल्याशिवाय त्याला किंमत नाही, हे तिथला चहावाला पोरगाही सांगेल.

आणि तरीही स्वतःवर वेळ आली तेव्हा मी शास्त्र, म्हणजे बायबल, नेमकं एकेका पानाचंच वाचत होते.

आमची इमारत पालिकेने अतिधोकादायक ठरवली, 2018 मध्ये आम्ही ती रिकामी केली आणि पुनर्विकासाचा करार झाला. (मीच टाइप केला होता, हसू नका.) बिल्डर म्हणाला, दोन वर्षांत चावी. भाडं वेळेवर यायचं. 2020 च्या टाळेबंदीत ते थांबलं, मग फोन उचलणंही थांबलं. आम्ही ऐरोलीत भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि त्याच पावसाळ्यात आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. रोज सकाळी मोबाइलवर सूर्योदयाच्या फोटोवर छापलेलं वचन यायचं. निम्म्या वेळा यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11, देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते. मी आमेन लिहून पुढच्या चौघींना पाठवायचे. दुपारपर्यंत मन पुन्हा रिकामं, वर आमेन लिहिल्याचा राग.

म्हणून पहिली रीत ही. असं सुटं वचन हाती आलं की त्याच्या वरची दहा वचनं काढून वाचा. लिहिणारा कोण, घेणारा कोण, केव्हाचं आहे, मुदत किती. दस्ताला विचारतो तेच प्रश्न.

यिर्मयाचा 29वा अध्याय हे पत्र आहे, यरुशलेमेहून बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. अकराव्या वचनाच्या लगेच वर, दहाव्यात, मुदत लिहिली आहे: सत्तर वर्षं. त्याच्याही वर म्हटलंय, घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याचं हित पाहा. म्हणजे ज्याने ते पत्र हातात घेतलं, त्या चाळिशीच्या माणसाला कळलं असणार की परतीची गाडी आपली नाही, नातवंडांची आहे. आता एक अध्याय मागे जा. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. तो खोटा ठरला. दोन वर्षं! मी पुस्तक मिटलं आणि मोठ्याने हसले, बऱ्याच महिन्यांनी.

त्या वाचनाने मला बरं वाटलं असं नाही म्हणणार. पण आपल्याला इथे कोणी फसवत नाहीये, एवढं कळलं. देवाने सत्तर म्हटलं ते सत्तर म्हणून म्हटलं.

आता, वाचवतच नसेल तर काय? डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट ठेवायचं, ही रीत आमच्या महिला मंडळात अजून चालते. माझं बोट एकदा इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातल्या वंशावळीवर पडलं. ते सोडा. स्तोत्र 13 घ्या. अवघी सहा वचनं, आणि सुरुवातीलाच "कोठवर" हा प्रश्न, मूळ हिब्रूत चार वेळा. सकाळी मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचलेलं संकटात टिकत नाही, डोळे ओळीवरून सरकतात आणि डोकं हप्त्याचा हिशेब करत बसतं. आमच्या ह्यांची जीभ जड झाली होती, रोज तेच ते शब्द बोलून घ्या असं थेरपिस्ट ताईंनी सांगितलं होतं. मग तीन "कोठवर" मी म्हणायचे, चौथा ते. स्तोत्राच्या शेवटच्या दोन वचनांत भरवसा आहे, गाणं आहे. तिथपर्यंत जाववत नसेल त्या रात्री स्तोत्र 88 वाचा. ते अंधाराशीच संपतं. कोणीतरी ते तसंच, शेवट गोड न करता, शास्त्रात राहू दिलं याचा मला आजही आधार वाटतो.

विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातली "दररोज सकाळी नवी होणारी दया" भिंतीवरच्या कॅलेंडरवर असते. तिच्या वरचे दोन अध्याय उपासमारीचे आहेत. पण त्या पुस्तकाची एक गंमत उपयोगाची आहे. हिब्रू अक्षरं 22, आणि तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षराला तीन अशी 66 वचनं. म्हणजे रडायचं तेही मुळाक्षरांच्या क्रमाने! प्रार्थना सुचत नसेल तर करून पाहा. वहीत क पासून एकेका अक्षराला एकेक गाऱ्हाणं. मी ठ पर्यंत पोचले आणि झोप लागली, दोन वाजायच्या आत, त्या महिन्यात पहिल्यांदा.

खरी गोष्ट पुढे आहे. यिर्मयाचा 32वा अध्याय. तो मी टायपिस्ट म्हणून वाचला तेव्हा सरसावून बसले. अब्राहामाने बायकोला पुरायला मकपेलाची गुहा घेतली तोही व्यवहार शास्त्रात आहे, पण तिथे कागद नाही. इथे कागद आहे. सिद्कीया राजाचं दहावं वर्ष, यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा, आणि यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. तिथे चुलतभाऊ हनामेल येतो: अनाथोथातलं माझं शेत घे, सोडवण्याचा, म्हणजे नातेवाइकाने जमीन घराण्यात राखण्याचा, हक्क तुझा आहे. शेत वेढ्याच्या बाहेर, म्हणजे शत्रूच्या पायाखाली. बाजारभाव शून्य. यिर्मया सतरा शेकेल रुपं, म्हणजे चांदी, तराजूत तोलून देतो, खरेदीखतावर सही करतो, मोहोर लावतो, साक्षीदार घेतो. दोन प्रती, एक मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही आपल्या लेखनिकाच्या, बारूखाच्या हाती देऊन सांगतो, मातीच्या पात्रात ठेव, पुष्कळ दिवस टिकायला हव्यात.

कोर्टनाक्यापासून मध्यवर्ती कारागृह जवळच आहे. आत असलेल्यांची मुखत्यारपत्रं मी टाइप केलीत. एकूण एक विकण्यासाठीची. आत बसून जमीन विकत घेणारा मला सव्वीस वर्षांत भेटला नाही.

सोळाव्या वचनापाशी थांबा. यिर्मया प्रार्थना करतो ती व्यवहार झाल्यावर. पैसे मोजले, कागद बारूखाकडे गेला, आणि मग तो देवाला म्हणतो की शहर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हाती चाललंय आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस! सही आधी, शंका नंतर. मी इतकी वर्षं उलटं समजत होते, की मनातली शंका गेली की मग पाऊल टाकायचं. पुढे त्याला मिसर देशात नेलं. त्या शेतात तो कधी उभा राहिला असं शास्त्रात कुठे नाही. ताबा न मिळालेला खरेदीदार.

इफिसकरांस पत्रात पौल पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा "विसार" म्हणतो. मूळ ग्रीक शब्दही बाजारातलाच आहे. विसार पावती ज्याने हातात धरली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको: घर मिळालेलं नसतं, पण देणारा बांधला गेलेला असतो. नवी मुंबईकरांसाठी आणखी एक, लेवीय 25:23 वाचा. जमीन माझी आहे, तुम्ही उपरे, असं देव म्हणतो. सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या, भाडेपट्ट्यावर राहणाऱ्यांना हे पटकन कळेल.

तेव्हा वाचून झालं की एक छोटा व्यवहार करा. वचनाच्या बाजूने, खिशाला झेपेल एवढाच. मी दोन केले. भाड्याच्या घराच्या खिडकीत कढीपत्त्याचं रोप लावलं, "बागा लावा" म्हटलंय म्हणून. आणि जानेवारी 2022 मध्ये ह्यांचा ऐरोली ते ठाणे तीन महिन्यांचा पास काढला, ते दारापर्यंतही जात नव्हते तेव्हा. मुलगा म्हणाला, आई, पैसे वाया. गेलेच वाया. मी दुसरा काढला. त्या पासाच्या शेवटच्या आठवड्यात काठी टेकत ते ठाण्याला दहा नंबरवर उतरले, वडापाव खाल्ला, परतीच्या गाडीत बसले.

इथे एक इशारा. "विश्वासाने इतके हजार पेरा, दसपट उगवेल" असं सांगत कोणी दारी आलं तर त्याला हाच अध्याय, यिर्मया 32, वाचून दाखवा. यात पैसे संदेष्ट्याने मोजले आहेत, घेतलेले नाहीत. आणि शास्त्र वाचतोय म्हणून डॉक्टरची तारीख चुकवू नका, वकीलही सोडू नका. आम्ही अकरा बिऱ्हाडांनी मिळून लावलाय. सुनावणीच्या सकाळीही स्तोत्र 13 च असतं.

साक्षीदार दोन हवेत, दस्ताला लागतात तसे. एक प्रार्थना करणारा, एक रोपाला पाणी घातलं का असं विचारणारा. "तुमचा विश्वास कमी पडला" म्हणणाऱ्याची सही घेऊ नका. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर उत्तम होते, तोंड उघडलं तिथून बिनसलं. माझी दुसरी साक्षीदार शेजारची आगरी बाई आहे, देवीची भक्त. तिला यिर्मया ठाऊक नाही, पण मी सलाम करून फोन ठेवला तरी ती उलट फोन करते.

राहिली वही. पानावर चार रकाने आखा: तारीख, वचन कुठलं, कोणाला दिलेलं, मुदत. शेवटच्या रकान्यात बहुतेक वेळा "लिहिलेली नाही" असंच येईल. असा करार मी टाइप केला नसता. भरा तरीही. पान झालं की मोबाइलने फोटो काढून साक्षीदाराला पाठवा, ती तुमची उघडी प्रत. मूळ वही झाकून ठेवा. 1947 मध्ये मृत समुद्राकाठच्या गुहेत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्राच्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांतल्या काही मातीच्या रांजणांतच होत्या. माझी वही लोणच्याच्या जुन्या चिनीमातीच्या बरणीत असते. बरणी आधी दोन दिवस कडक उन्हात वाळवा, तेलाचा वास राहतो. तोंडाला सुती कापड घट्ट बांधा, ऐरोलीला खाडीची हवा दमट आहे, पावसाळ्यात कागदाला लगेच बुरशी धरते.