हिप्परग्याच्या तलावावर पक्षी कसे बघायचे

तलावावर पक्षी बघायला सुरुवात करायची असेल तर आधी एकच तलाव ठरवा. घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल असा. माझा हिप्परग्याचा. सोलापुरातून तुळजापूर रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात पाणी दिसायला लागतं. अदिला नदीवर इंग्रजांच्या काळात बांधलेला हा एकरूख तलाव, पण गावात सगळे हिप्परगाच म्हणतात. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे. आठवड्याला सुटी एकच, आणि गेल्या नऊ हिवाळ्यांतल्या जवळपास सगळ्या सुट्या मी इथं एकाच बाभळीखाली काढल्या आहेत.

नवीन माणसाला आधी भिगवणला जाऊन रोहित (फ्लेमिंगो) बघायचे असतात. जरूर जा, उजनीच्या फुगवट्यावर गुलाबी थवा उठतो ते दृश्य डोळ्यांत साठवावं असंच आहे. पण शिकायचं असेल तर एका जागेला पर्याय नाही. तीच जागा, तीच वेळ, आठवड्याला एकदा. मग गेल्या रविवारी नव्हतं आणि आज आहे, असं काय ते आपोआप डोळ्यांत भरतं.

जायचं कधी? सप्टेंबरअखेरीस काठावर पहिला परीट पक्षी शेपूट हलवत दिसला की हंगाम लागला असं मी धरतो. ऑक्टोबरात बदकं यायला लागतात, पण नवशिक्यानं तेव्हा ओळख पटवायच्या फंदात पडू नये. त्या दिवसांत पुष्कळ नर अजून साध्या, मादीसारख्या पिसाऱ्यात असतात, आणि पुस्तकातलं चित्र समोरच्या बदकाशी काही केल्या जुळत नाही. सोपे महिने म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. नर रंगात आलेले असतात, शिवाय पावसाळ्यात भरलेलं पाणी सिंचनासाठी उपसलं जाऊन उतरायला लागतं आणि काठाचा चिखल उघडा पडतो. या चिखलातले किडे-अळ्या म्हणजे पाणपक्ष्यांचं ताट. म्हणून तलाव काठोकाठ भरलाय म्हणून खूश होऊ नका. काठोकाठ तलावात बदकं लांब मधोमध बसतात आणि चिखलावरचे तुतवार, चिखले दुसरीकडे निघून जातात.

सकाळी पूर्वेकडच्या काठावर उभं राहायचं, संध्याकाळी पश्चिमेकडच्या. सूर्य पाठीशी हवा. हे एवढं पाळलं तरी निम्मी ओळख सोपी होते, कारण उन्हाच्या विरुद्ध बघितलं तर प्रत्येक बदक काळं दिसतं. जानेवारीत सोलापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मी साडेसहाला पोचतो. अंगात मळकट खाकी किंवा कडब्याच्या रंगाचा सदरा. पांढरा नको, तो लांबून चमकतो.

दुर्बीण 8×42 ची घ्या. यातला 8 म्हणजे आठपट मोठं दिसणं, 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापटीची दुर्बीण दुकानात भारी वाटते, पण हात थरथरला की चित्रही तेवढंच थरथरतं. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली दुमडा, नाहीतर अर्धंच दिसतं. आणि पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. खाली बघून दुर्बीण उचलली की पक्षी हरवलाच. घरी गच्चीवरून समोरच्या टाकीवरच्या कावळ्यावर सराव करा.

आता बघायचं कसं. रंगाकडे शेवटी या. आधी विचारा, हा करतोय काय? पाण्यात शेपूट वर करून नुसतं डोकं बुडवतोय, की अख्खाच बुडी मारतोय? चक्रांग, तलवार बदक, थापट्या हे डोकं बुडवणारे. लालसरी आणि टिबुकली पूर्ण बुडी मारतात. उडताना बघा, पहिल्या जातीची बदकं पाण्यातून सरळ वर उसळतात, तर लालसरीला आणि वारकरी पक्ष्याला पाण्यावर धावत वेग घ्यावा लागतो. चिखलावर पायांची लांबी बघा. तुतवार अगदी कडेला, ओल्या मातीवर. शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर थोडा आत. बगळे आणि चित्रबलाक त्याहून खोल पाण्यात. ज्याला जेवढे पाय, तेवढं त्याचं पाणी.

आपल्या भाषेनं अर्धं काम आधीच करून ठेवलंय. हळदी-कुंकू बदकाची चोच बघा, टोकाला पिवळी आणि कपाळाशी लाल ठिपके. हे नाव एकदा ऐकलं की विसरत नाही. थापट्याची चोच गवंड्याच्या थापीसारखी रुंद, ती पाण्यावर सपाट ठेवून हा गोल गोल फिरतो, ढवळून वर आलेलं गाळून खातो. वारकरी काळाभोर, आणि कपाळावर पांढरा टिळा. पक्ष्यांच्या मराठी नावांसाठी आयुष्यभर राबलेले मारुती चितमपल्ली आमच्या सोलापूरचे, याचा मला फार अभिमान आहे. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सलीम अलींचा 12 नोव्हेंबर, म्हणून त्या आठवड्यात राज्यात पक्षी सप्ताह असतो. सुरुवात करायला तो चांगला मुहूर्त आहे.

एका पक्ष्यावर मात्र वेळ घालवाच, तो म्हणजे नर गडवाल बदक. लांबून मळकट करडा, कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही असा. गेल्या डिसेंबरात एक जण पाठीवर ऊन घेऊन माझ्यापासून चाळीस पावलांवर आला. मी दिवसभर कापड हाताळणारा माणूस, पण इतकी बारीक वीण मी ठाणात बघितली नाही. कुशीवर केसाएवढ्या नागमोडी रेघा, छातीवर चंद्रकोरींचे खवले, मागचा भाग मखमलीसारखा काळा आणि पंखात पांढरा चौकोनी तुकडा. पंधरा मिनिटं मी दुर्बीण खाली घेतली नाही.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. पहिल्याच हिवाळ्यात पट्टकादंब हंस आले होते, पांढऱ्या डोक्यावर मागं दोन काळे पट्टे असलेले. मोबाईलमध्ये फोटो हवा म्हणून मी पुढं पुढं सरकत गेलो. सगळ्यांनी एकदम माना ताठ केल्या. ती थांबायची खूण होती, मला कळली नाही. अख्खा थवा उठला आणि त्या दिवशी परत बसला नाही. हे पक्षी तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात, परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवतात. रात्री आणि पहाटे रानात चरायचं, दिवसा पाण्याकाठी विसावा घ्यायचा, हा त्यांचा क्रम. आपण उठवलं की त्यांची साठवण खर्ची पडते. तेव्हा माना वर झाल्या की जागीच बसा, चरायला लागले की मगच हला. मंगोलियात अभ्यासकांनी काही हंसांच्या गळ्यात अक्षर-आकड्यांचे पट्टे घातले आहेत आणि असे हंस भारतात दिसले आहेत. तसा दिसला तर पट्ट्याचा रंग आणि त्यावरचं अक्षर न् अक्षर लिहून घ्या.

मोजायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. थव्यातले दहा पक्षी नीट मोजा, ते दहा केवढी जागा घेतात हे डोळ्यांत धरा, मग तेवढेच तुकडे थव्यावर टाकत जा. तीनदा मोजा. टिबुकल्या सतत पाण्याखाली जातात, त्यांचा आकडा कमीच भरतो, तसं शेजारी लिहा. तारीख, वेळ, पाणी कुठवर आहे, वारा, सगळं वहीत. मग घरी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, 1987 पासून चालू आहे, त्यात आपल्या तलावाचा आकडा जरूर द्या.

वाळल्यासारख्या दिसणाऱ्या चिखलावर पाय टाकू नका, वरची पापडी फुटली की गुडघ्यापर्यंत आत जातो. जाळी टाकणाऱ्या मामांना आधी नमस्कार करा. पाणी किती उतरलं, बदकं कुठल्या कोपऱ्यात आहेत, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. पिशवीत शेंगा चटणी, कडक भाकरी आणि एक रिकामं पोतं ठेवा. तुटकी जाळी आणि संक्रांतीनंतर नायलॉनचा मांजा दिसेल तेवढा त्यात भरून आणा. शेकाट्याच्या पायाला गुंडाळलेला मांजा मी एकदा कात्रीनं कापलाय. त्याचं काळीज माझ्या तळहातावर धडधडत होतं.

सूर्य कलताना लगेच निघू नका. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे थवे संध्याकाळी मुक्कामाला जमतात, आणि आकाशात धुरासारखे वळतात, पसरतात, परत गोळा होतात. तिथं दहाचा हिशोब चालत नाही.

मार्चमध्ये काठ रिकामा होतो तेव्हाही जा, आणि वहीत शून्यसुद्धा लिहा. गेल्या मार्चच्या तिसऱ्या रविवारची माझी नोंद अशी आहे: पट्टकादंब 0. चक्रांग 6. थापट्या 11. परीट 1. पाणी बाभळीपासून 140 पावलं.