ॲडव्हान्स आला म्हणजे कमाई झाली नाही

मी इंटिरिअरची कामं घेते. क्लायंटचा ॲडव्हान्स खात्यात पडला की हात सैल सुटतो. माझाही सुटला होता. नव्या फ्लॅटचं प्लायवूड उचलायची वेळ आली तेव्हा ते पैसे आधीच्या साइटच्या सुताराच्या मजुरीत गेलेले! तेव्हापासून दोन खाती ठेवते: एकात मालाचे आणि मजुरीचे पैसे, दुसऱ्यात माझी डिझाइन फी. घरखर्च फक्त फीमधून. जीएसटी नोंदणी असेल तर कोटेशनमध्ये 18 टक्के वेगळे दाखवा आणि ॲडव्हान्स असो वा बिलाचे पैसे, आले की त्यातली कराची रक्कम लगेच बाजूला काढा.

वॉर्डरोबचा दर चौरस फुटावर देत असाल तर माप कसं धरलं तेही लिहा. 7 फूट उंच, 6 फूट रुंद म्हणजे समोरून 42 चौरस फूट. वरचा 2 फुटांचा लॉफ्ट धरला तर 54. ‘लॉफ्ट त्यातच आहे ना?’ हा प्रश्न बिलाच्या दिवशी हमखास येतो. प्लाय कुठला, लॅमिनेट किती रुपयांपर्यंतचं, बिजागऱ्या साध्या की सॉफ्ट-क्लोज (दार न आपटता हळूच मिटवणाऱ्या), सगळं कागदावर हवं.

शेवटचा हप्ता मात्र छोटाच ठेवा. एका हँडलचा स्क्रू सैल आहे म्हणून तो महिनाभर अडकतो.