पेरणी यंत्र शेडमध्ये लावण्यापूर्वी नट-बोल्टना अँटी-सीझ लावावे

खरिपाची पेरणी आटोपली की पेरणी यंत्र बहुधा जसेच्या तसे शेडमध्ये उभे केले जाते आणि रब्बीपर्यंत त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. मग सोयाबीनसाठी 45 सें.मी. अंतरावर बसवलेले फण हरभऱ्यासाठी 30 सें.मी. अंतरावर आणायचे म्हटले, की पाना घसरतो, नटाचे कोपरे झिजतात आणि ऐन वाफशावर गॅस कटर शोधत फिरावे लागते. रासायनिक खते, विशेषतः क्लोराइडयुक्त म्युरेट ऑफ पोटॅश, हवेतला ओलावा ओढून घेतात. फणांच्या क्लॅम्पवर बसलेला त्यांचा थर पावसाळी हवेत पाझरून आट्यांत उतरतो आणि तिथे गंज धरतो.

त्यामुळे हे काम आत्ताच, जुलैमध्ये उघडीप मिळताच करावे. यंत्र पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावे, क्लॅम्पचे नट काढून आटे तारेच्या ब्रशने लख्ख करावेत आणि झिजलेले बोल्ट बदलावेत. त्यानंतर आट्यांवर व नटाच्या टेकणाऱ्या बाजूवर अँटी-सीझचा, म्हणजे नट-बोल्ट गंजून जाम होऊ नयेत म्हणून लावायच्या लेपाचा, पातळ हात फिरवून जास्तीचे पुसून घ्यावे. साधे ग्रीस काही महिन्यांत सुकते किंवा धुऊन जाते. अँटी-सीझमधील धातूची किंवा ग्रॅफाइटची बारीक पूड मात्र तेल उडाल्यावरही आट्यांत टिकून राहते, हाच त्याचा खरा उपयोग आहे.

दुकानात सहसा तांब्याचे अँटी-सीझ पुढे केले जाते, परंतु युरियापासून सुटणारा अमोनिया तांब्याला खातो, म्हणून खतपेटीच्या आसपास निकेलचे किंवा धातूविरहित अँटी-सीझ घेणे श्रेयस्कर. तांब्याचे ट्रॅक्टरच्या सायलेन्सरच्या बोल्टसाठी ठेवावे. तिथली उष्णता ते उत्तम सोसते. बेअरिंगमध्ये मात्र कोणतेही अँटी-सीझ घालू नये.

आटे निसरडे झाल्याने तेवढ्याच जोराने आवळलेला बोल्ट जास्त ताणला जातो आणि तुटूही शकतो, तेव्हा हात थोडा आवरता घ्यावा. चाकांच्या नटांना, माहितीपुस्तिकेत स्पष्ट सांगितले नसेल तर, अँटी-सीझ लावूच नये. रोटाव्हेटरच्या पात्यांचे बोल्ट हादऱ्यांनी सैल होतात आणि अँटी-सीझ त्यांना धरून ठेवत नाही; तिथे स्प्रिंग वॉशर घालून पहिल्या तासाभराच्या कामानंतर ट्रॅक्टर बंद करून सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. लावताना हातमोजे वापरावेत, कारण निकेलची पूड काहींच्या त्वचेला सोसत नाही.