होस्टिंग कंपनी डोमेन अडवून धरते तेव्हा

होस्टिंग कंपनीशी वाद झाला आणि ती डोमेन सोडायला तयार नसेल, तर आधी आयकॅन या डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या लुकअप (शोध) पानावर आपले डोमेन टाकून 'रजिस्ट्रार' (डोमेनची नोंदणी करणारी कंपनी) या रकान्यात कोणाचे नाव आहे ते पाहावे. पुष्कळदा तिथे वेगळीच कंपनी दिसते, कारण होस्टिंगवाले केवळ विक्रेते असतात. अशा वेळी त्यांच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा थेट त्या रजिस्ट्रारला लिहिणे श्रेयस्कर.

नोंदणीधारक म्हणून आपलेच नाव व ईमेल असल्याची खात्री त्याच्याकडून लेखी करून घ्यावी. माझ्या मते साऱ्या वादाचा निकाल याच एका नोंदीवर लागतो. नाव आपले असेल, तर हस्तांतरणाचा ऑथ कोड (डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेताना लागणारा गुप्त संकेत) लेखी मागावा. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी तो ५ दिवसांत देणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे आणि नोंदणीचे शुल्क भरलेले असताना होस्टिंगच्या थकबाकीचे कारण पुढे करून हस्तांतरण रोखता येत नाही. (नव्या नोंदणीनंतर मात्र पहिले ६० दिवस ते नाकारले जाऊ शकते.) तरीही टाळाटाळ झाली, तर पावत्या आणि पत्रव्यवहार जोडून आयकॅनकडे तक्रार नोंदवावी. डॉट इनसारख्या देशनिहाय डोमेनसाठी त्या-त्या देशाच्या नोंदणी संस्थेचे नियम लागू होतात.

वाद चालू असताना नूतनीकरणाची तारीख उलटू देऊ नये.