इंग्रजी शब्द गटाने शिकताना: अर्थ, उच्चार आणि जोर

फोटोग्राफ, फोटोग्राफर, फोटोग्राफिक. तिन्ही शब्द एकाच मुळातले, त्यामुळे अर्थ पटकन कळतो. अडतं ते उच्चारात. मराठी बोलताना आपण शब्दातल्या अक्षरांना जवळपास सारखंच वजन देतो. इंग्रजीत एका अक्षरावर ठळक जोर पडतो आणि बाकीच्यांतले बरेच स्वर नुसत्या 'अ'वर येतात. त्यात शब्दाला प्रत्यय लागला की जोर जागा बदलू शकतो. पहिल्या शब्दात तो 'फो'वर आहे: फोटग्राफ. दुसऱ्यात 'टॉ'वर: फटॉग्रफर. तिसऱ्यात 'ग्रॅ'वर: फोटग्रॅफिक. स्पेलिंग बघून देवनागरीत उतरवलेला उच्चार इथेच फसतो.

म्हणून वहीत स्पेलिंगशेजारी ऐकलेला उच्चार लिहा आणि जोराच्या अक्षराखाली रेघ ओढा. शब्दकोशातल्या उच्चारात जोराच्या अक्षराच्या आधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते. खालची रेघ दुय्यम जोराची. वरची रेघ आधी शोधा, मगच ऑडिओ ऐका.

प्रत्ययांकडे नीट लक्ष दिलंत तर पाठांतर खूप कमी होतं. 'इक', 'शन' आणि 'इटी' या शेवटांच्या लगेच आधीच्या अक्षरावर जोर येतो. इकॉनमीत तो 'कॉ'वर, इकनॉमिकमध्ये 'नॉ'वर. इलेक्ट्रिकमध्ये 'ले'वर, इलेक्ट्रिसिटीत 'ट्रि'वर. अपवाद थोडे आहेत, पण रोजच्या वापरातले: पॉलिटिक्समध्ये जोर 'पॉ'वरच राहतो, पलिटिकलमध्ये मात्र 'लि'वर जातो. 'नेस', 'फुल', 'ली', 'मेंट' हे प्रत्यय सहसा जोर हलवत नाहीत.

काही वेळा स्पेलिंग तेच, पण नाम की क्रियापद यावर जोर ठरतो. रेकॉर्ड, इम्पोर्ट, प्रेझेंट हे शब्द नाम असताना जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असताना दुसऱ्यावर. सगळ्यांना हे लावू नका. रिपोर्ट दोन्ही वेळा दुसऱ्याच अक्षरावर जोर घेतो. 'सल्ला' या अर्थाच्या अडव्हाइसचा शेवट 'स'ने होतो, 'सल्ला देणे'चा मात्र 'रोज'मधल्या 'ज'च्या जवळच्या आवाजाने. तिथे स्पेलिंगही बदलतं.

अर्थाची चूक अगदी जवळच्या जोड्यांत होते. इकनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेशी संबंधित, इकनॉमिकल म्हणजे कमी खर्चात भागणारं. सेन्सिबल माणूस समंजस, सेन्सिटिव्ह माणूस हळवा. नुसता मराठी अर्थ लिहून ठेवला की महिन्याभराने गोंधळ होतोच. त्याऐवजी शब्द ज्याच्यासोबत येतो ते नाम जोडून लिहा: इकनॉमिक पॉलिसी, इकनॉमिकल कार.

एका बैठकीत एकच गट घ्या, चार-पाच शब्दांचा. प्रत्येक शब्द दोनदा ऐका, जोराच्या अक्षरावर टाळी देत तीनदा म्हणा, मग एका वाक्यात घालून मोबाइलवर रेकॉर्ड करा. मूळ ऑडिओ आणि आपला आवाज लागोपाठ ऐकताना एकच तपासा: जोर योग्य अक्षरावर पडला का. स्वरांची दुरुस्ती त्यानंतर. जोर चुकलेला असताना स्वर सुधारत बसण्यात वेळ जातो. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने वही झाकून तोच गट म्हणा. अडखळलेला शब्द पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला घ्या.